प्रोपेलरचा लिव्हर: गेममधला आणि खऱ्या विमानातला

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

घरच्या विमान-सिम्युलेटरसाठी (संगणकावर विमान उडवायच्या गेमसाठी) सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या लिव्हरचा डबा करून घेतोय. पत्रा वाकवून झालाय, लिव्हरसाठी खाचा पाडायच्या बाकी आहेत आणि तिथेच घोडं अडलंय. खाच एक पाडायची, दोन की तीन?

वॉर थंडर या गेममध्ये इंजिनाचा कारभार गेमवर सोपवला तर एकट्या थ्रॉटलवर भागतं. डीसीएस या दुसऱ्या गेममधल्या पी-५१ मस्टँगमध्ये किंवा स्पिटफायरमध्ये बसलं की थ्रॉटल वेगळा आणि प्रोपेलरचा आरपीएम (मिनिटाला फेरे) ठरवणारा लिव्हर वेगळा. आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी उड्डाणापासून उतरेपर्यंत तो लिव्हर पुढे ठोकून ठेवतात. 'जास्त आरपीएम म्हणजे जास्त ताकद, मग मागे कशाला घ्यायचा?' असा त्यांचा सवाल. आणि पंधरा-वीस मिनिटांच्या लढाईत त्यांचं फारसं काही बिघडतही नाही.

माझं मत वेगळं आहे. पिस्टन इंजिनाचं लढाऊ विमान उडवणं म्हणजे अर्धं इंजिन सांभाळणं. शेपटीमागे शत्रू असताना डावा हात काय करतोय, यावर त्या काळच्या वैमानिकाचं जगणं-मरणं ठरायचं. गेमवाल्यांनी नेमका हाच भाग पातळ करून टाकलाय असं मला वाटतं. खऱ्या विमानात हा लिव्हर कसा वापरतात, गेम कुठे खरं बोलतात आणि कुठे थापा मारतात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. नाशिकजवळच्या ओझरची आणि इथल्या गांधीनगर विमानतळाकडची बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून हक्काने विचारतोय.

चिवडाप्रेमी

तीन पाडून घ्या. नंतर तोच पत्रा परत कापायला नेलात तर तो माणूस तोंडाकडे बघत बसेल.

मर्लिनवेडा

चांगला विषय काढलात. आधी यंत्र समजून घेऊ, मग गेमला नावं ठेवू.

कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलरमध्ये वैमानिक पात्यांचा कोन थेट ठरवत नाही. तो लिव्हरने फक्त सांगतो, 'आरपीएम एवढा ठेव.' पुढचं सगळं गव्हर्नर बघतो. गव्हर्नरमध्ये इंजिनाबरोबर फिरणारी वजनं असतात आणि त्यांना आत दाबून धरणारी एक स्प्रिंग. तुमचा लिव्हर त्या स्प्रिंगचा ताण कमीजास्त करतो. आरपीएम ठरल्यापेक्षा वाढला की वजनं बाहेर फाकतात, त्यांना जोडलेली झडप सरकते, प्रोपेलरच्या हबमधल्या तेलाचा दाब बदलतो आणि पाती जास्त कोनात वळतात. पात्यांवरचा भार वाढतो, फेरे आवरले जातात. आरपीएम पडला की हेच उलट्या बाजूने. म्हणून नाक खाली घालून वेग वाढवला तरी आरपीएमचा काटा जागेवर राहतो. पाती त्यांच्या कोनाच्या शेवटच्या टोकाला टेकली की मात्र गव्हर्नरचं काही चालत नाही.

थ्रॉटलचं काम निराळं. सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबाने जाणार ते तो ठरवतो. ब्रिटिश विमानांत हा दाब बूस्ट म्हणून पौंडांत दिसतो, अमेरिकन विमानांत मॅनिफोल्ड प्रेशर म्हणून इंचांत. ताकद या दोन काट्यांच्या जोडीतून येते, एकट्या आरपीएममधून नाही.

स्पिटफायरच्या नवव्या मॉडेलमधल्या मर्लिन ६६ इंजिनाचे आकडे बघा. लढाईत ३००० आरपीएम आणि १८ पौंड बूस्ट, तेही पाच मिनिटं. चढताना २८५० आणि १२ पौंड, एक तास. सलग चालवायचं तर २६५० आणि ७ पौंड. तुमच्या ग्रुपमधले मित्र पाच मिनिटांचा आरपीएम तास-तास वापरतायत.

नवा_कॅडेट

पण पाच मिनिटं झाल्यावर होतं काय? मी खेळतो त्या गेममध्ये वेळ संपला की मेसेज येतो आणि थोड्या वेळात इंजिन खलास. खऱ्यातही तसंच व्हायचं का?

ओझरचे_आबा

नाही रे बाळा. घड्याळ बघून इंजिन मरत नाही.

माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली. आमच्याकडे जेट, त्यामुळे प्रोपेलरशी रोजचा संबंध नाही. पण मर्यादा म्हणजे काय, हे जेटला आणि पिस्टनला सारखंच लागू. मिग-२१ बिसच्या आर-२५ इंजिनाला आफ्टरबर्नरच्या (मागच्या बाजूला जादा इंधन जाळून ताकद वाढवायच्या सोयीच्या) वर आणखी एक जादा टप्पा होता, कमी उंचीवर आणि मोजक्या मिनिटांसाठी. ती मिनिटं संपली की इंजिन फुटतं असं कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या ताकदीवर पाती, बेअरिंग, ज्वलनकक्ष यांचं आयुष्य झपाट्याने खर्च होतं. इंजिनाचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं आणि दर तासाची नोंद वहीत होते. वैमानिकाने पाच मिनिटांचं सहा केलं तर बहुतेक वेळा तो सुखरूप घरी येणार, आणि खालच्या फिटरला रात्रभर काम लागणार.

अमेरिकन मस्टँगमध्ये तर याची सुंदर सोय होती. ६१ इंचांपर्यंत थ्रॉटल सरळ जायचा. तिथे खाचेत एक बारीक तार आडवी बांधलेली असायची. जीवावर बेतलं तर जोर लावून तार तोडायची आणि ६७ इंच घ्यायचे. विमान उतरलं की मेकॅनिक आधी ती तार बघणार. तुटलेली दिसली की वहीत नोंद, प्लग काढून तपासणी, तेलाच्या गाळणीत धातूचा कीस आलाय का ते बघणं. वैमानिकाने तोंडाने काही सांगायची गरजच नाही.

गेमवाल्यांनी ती तार ठेवायला हवी होती. त्याऐवजी त्यांनी घड्याळ ठेवलं.

शलाका_म

आबा, तारेची गोष्ट फार आवडली. अशा गोष्टींसाठीच मी इथे येते.

मर्लिनवेडा

आबांना पूर्ण अनुमोदन. गेममध्ये इंजिन दर वेळी नवंकोरं मिळतं, खरा घोळ इथे आहे. उद्या सकाळी हेच इंजिन घेऊन परत जायचंय ही जाणीवच नाही. मग खेळणारा माणूस इंजिन जपेल कशाला? म्हणून गेमवाले घड्याळ लावतात, नाहीतर सगळेच कायम पूर्ण ताकदीवर उडतील. त्यांची अडचण मला कळते, पण तोडगा चुकीचा आहे. शिक्षा तापमानातून यायला हवी, तेलाच्या दाबातून यायला हवी, चुकीच्या जोडीतून यायला हवी.

घाटवाट

चुकीच्या जोडीवरून सांगतो. आरपीएम कमी आणि बूस्ट जास्त, ही सगळ्यात घातक जोडी. कसारा घाट जुन्या गाडीने चौथ्या गिअरमध्ये चढायला गेलात तर इंजिन ठोके द्यायला लागतं, तसंच इथे होतं. सिलिंडरमध्ये दाब भरमसाट आणि पिस्टन सावकाश. मिश्रण पेटण्याऐवजी फुटतं, डिटोनेशन होतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. म्हणून नियम पाठच करून ठेवा: ताकद वाढवताना आधी प्रोपेलर पुढे, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल मागे, मग प्रोपेलर.

गेममध्ये दोन्ही लिव्हर एकदम ढकलले तरी चालून जातं. खऱ्यात ही सवय महागात पडेल.

इंधनबचत

घाटवाट, नियम बरोबर आहे, पण 'सगळ्यात घातक जोडी' म्हणणं मला पटत नाही. १९४४ मध्ये प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग पॅसिफिकमध्ये पी-३८ लाइटनिंग या लढाऊ विमानांच्या तुकडीबरोबर उडत होता. तो परत यायचा तेव्हा त्याच्या टाकीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल शिल्लक असायचं. युक्ती कोणती? आरपीएम १६०० पर्यंत खाली, मॅनिफोल्ड प्रेशर वर, मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). तुम्ही घातक म्हणताय तीच जोडी. वैमानिकांनाही इंजिनाची भीती वाटली होती. पण त्याने सगळ्यांना ही पद्धत शिकवली आणि तुकडीचा पल्ला भरपूर वाढला.

फेरे कमी म्हणजे आतलं घर्षण कमी. तेवढ्याच ताकदीला कमी पेट्रोल.

घाटवाट

लिंडबर्गचं उदाहरण मान्य. पण तो समुद्रावरून निवांत वेगाने जाताना हे करत होता. लढताना नाही.

मर्लिनवेडा

दोघांच्या बोलण्यात विरोध नाहीये. प्रत्येक आरपीएमला किती दाब चालेल याची वरची मर्यादा ठरलेली असते. लिंडबर्ग त्या मर्यादेच्या आत राहून तिच्या जवळ जात होता. मर्लिनच्या वैमानिकांनाही लांब पल्ल्यासाठी हेच सांगितलेलं होतं: पातळ मिश्रणाला चालेल तेवढा बूस्ट ठेवा आणि हवा तो वेग मिळेपर्यंत आरपीएम खाली आणा. घाटवाट सांगतायत तो धोका सुरू होतो १६०० आरपीएमवर लढाईचा बूस्ट मागितला की.

गोदाकाठ, तुमच्या मित्रांना हे सांगा. लिव्हर मागे घेण्याचं एक ठोस कारण: पेट्रोल. बर्लिनपर्यंत जाऊन परत येणारा मस्टँग सगळा रस्ता ३००० आरपीएमवर गेला असता तर घरी पोचलाच नसता. गेममध्ये धावपट्टीपासून लढाई दहा मिनिटांवर असते, म्हणून टाकीचा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही.

उंच_भरारी

मी प्रत्यक्ष उडवते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

माझं शिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवर सेसना १७२ वर झालं. त्यात पाती ठरावीक कोनात पक्की असतात, म्हणजे प्रोपेलरचा लिव्हरच नाही. थ्रॉटल, मिक्श्चर (हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते) आणि कार्ब्युरेटर हीट (आत बर्फ धरू नये म्हणून गरम हवा). तिथे आरपीएमचा काटाच ताकदीचा काटा. नाक खाली केलं की आरपीएम आपोआप वाढतो, वर केलं की पडतो. शिकाऊ वैमानिकाचे कान तिथेच तयार होतात.

दोन इंजिनांच्या सेनेकावर गेले तेव्हा पहिल्यांदा सहा लिव्हर हाताखाली आले. काळी मूठ थ्रॉटलची, निळी प्रोपेलरची, लाल मिक्श्चरची. मुठींचे आकारही वेगळे असतात, न बघता हाताला कळावेत म्हणून. पहिल्या काही उड्डाणांत मला डोळ्यांपेक्षा बोटांचाच भरवसा जास्त वाटायचा.

गेममध्ये जे कुणीच करत नाही ते सांगते. उड्डाणाआधी रनअप, म्हणजे जमिनीवरच इंजिन फिरवून तपासणी करतो तेव्हा आरपीएम २००० च्या आसपास आणून निळा लिव्हर मागे ओढायचा. आरपीएम उतरतो, मॅनिफोल्ड प्रेशर चढतं, तेलाचा दाब क्षणभर किंचित लवतो, आवाज जड होतो. लगेच लिव्हर पुढे. असं दोन-तीनदा. हबमधलं थंड, घट्ट तेल बाहेर येतं आणि इंजिनातलं गरम तेल आत जातं. गव्हर्नर चालतोय हेही कळतं. हिवाळ्यात सकाळी पहिल्यांदा ओढला की प्रोपेलर आळसावल्यासारखा उशिरा प्रतिसाद देतो, तिसऱ्या वेळी झटकन देतो. तो फरक कानाला आणि सीटखाली कळतो. संगणकावर तो कुठून येणार?

उतरताना शेवटच्या टप्प्यात लिव्हर पूर्ण पुढे घ्यायचा, कारण उतरणं रद्द करून परत वर जायची वेळ आली तर पूर्ण ताकद तयार हवी. पण वेग जास्त असताना घाईने पुढे केलात तर इंजिन किंचाळतं आणि विमान ब्रेक लावल्यासारखं अंगावर येतं. लहान कोनातली पाती म्हणजे समोरच्या हवेला मोठा अडथळाच. हा भाग चांगल्या गेममध्ये बऱ्यापैकी खरा उतरलाय.

नवा_कॅडेट

ताई, मग इंजिन बंद पडलं तर? आमच्यात सांगतात की प्रोपेलरचा लिव्हर पार मागे, शून्यावर घ्यायचा म्हणजे जास्त लांब तरंगता येतं.

उंच_भरारी

बरोबर सांगतात. पाती जास्त कोनात गेली की अडथळा कमी. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेव. एक इंजिन असलेल्या बहुतेक लहान विमानांत तेलाचा दाब पात्यांना मोठ्या कोनाकडे ढकलतो. तेलच गेलं तर पाती लहान कोनात जाऊन बसतात आणि लिव्हर ओढून काही उपयोग नाही. दोन इंजिनांच्या विमानात रचना उलट: तेल गेलं की वजनं आणि स्प्रिंग पात्यांना फेदर करतात, म्हणजे पाती वाऱ्याला धारेवर उभी राहतात. बंद इंजिनाची बाजू विमानाला मागे ओढू नये म्हणून.

गेममध्ये गोळी लागून तेल गळतंय आणि तरीही लिव्हर पहिल्यासारखाच चालतोय असं दिसलं तर तिथे गेमने सोय बघितली आहे असं समज.

गोदाकाठ

ताई, रनअपचं वर्णन वाचून लगेच डीसीएस सुरू करून बघितलं. मस्टँगमध्ये लिव्हर मागे ओढल्यावर आरपीएम पडतो आणि मॅनिफोल्ड प्रेशर चढतं. तेवढं त्यांनी नीट केलंय.

आणखी एक शंका. काही गेममध्ये पडद्यावर 'प्रॉप पिच १००%' असं दिसतं. हे १००% म्हणजे काय? पात्यांचा कोन सगळ्यात मोठा की आरपीएम सगळ्यात जास्त?

मर्लिनवेडा

आरपीएम सगळ्यात जास्त, म्हणजे कोन सगळ्यात लहान. नव्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच. टक्के न बघता आरपीएमचा काटा बघायची सवय लावा. खऱ्या कॉकपिटमध्ये टक्के लिहिलेले नसायचे.

या निमित्ताने सांगतो, १९४० च्या आधीच्या विमानांत गव्हर्नर सर्रास नव्हते. सुरुवातीच्या स्पिटफायरला लाकडी, दोन पात्यांचा, पक्क्या कोनाचा प्रोपेलर होता. मग तीन पात्यांचा आला, त्याला दोनच कोन: उड्डाणाला लहान, वर गेल्यावर मोठा. मधलं काही नाही. १९४० च्या वसंतात डग्लस बेडर या ब्रिटिश वैमानिकाने मोठ्या कोनावरच उड्डाण सुरू केलं, विमान वेगच घेईना, आणि धावपट्टीपुढे जाऊन आपटलं. बेडरसारखा कसलेला वैमानिक होता तो. त्याच उन्हाळ्यात डी हॅविलँड कंपनीच्या माणसांनी तळातळावर जाऊन हजाराहून अधिक स्पिटफायर आणि हरिकेनना कॉन्स्टंट स्पीडची यंत्रणा बसवली. बॅटल ऑफ ब्रिटनच्या (ब्रिटनवरच्या जर्मन हवाई हल्ल्याच्या लढाईच्या) ऐन तोंडावर. या कामाबद्दल फार कमी बोललं जातं. माझ्या मते त्या लढाईत याचा वाटा तोफांच्या तोडीचा होता.

चिवडाप्रेमी

आणि जर्मन? त्यांच्याकडे काय होतं?

मर्लिनवेडा

मेसरश्मिट १०९ ई मध्ये वैमानिक पात्यांचा कोन बटणाने स्वतः बदलायचा, विजेच्या मोटरवर. कोन दाखवायला घड्याळासारखी तबकडी. बाराला काटा म्हणजे उड्डाणाचा लहान कोन. डाइव्हमध्ये कोन वाढवायला विसरला की इंजिन मर्यादेच्या पलीकडे फिरणार. नंतरच्या १०९ मध्ये हे काम आपोआप व्हायला लागलं.

आणि फोक-वुल्फ १९०! बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनाला 'कोमांडोगेरेट' नावाचा तेलाच्या दाबावर आणि कॅमवर चालणारा यांत्रिक मेंदू होता. वैमानिकाने एकच लिव्हर हलवायचा. आरपीएम, मिश्रण, इग्निशनची वेळ, सुपरचार्जरचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) टप्पा, सगळं तो बघायचा. इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नसताना!

म्हणून गोदाकाठ, एकाच लिव्हरने फोक-वुल्फ उडवणारा खेळाडू अजिबात लबाडी करत नाहीये. तोच स्पिटफायर एका लिव्हरने उडवत असेल तर मात्र थोडी सवलत घेतोय.

उंच_भरारी

आजच्या डायमंड डीए४२ मध्ये नेमकं हेच आहे. डिझेल इंजिन, प्रत्येकाला एकच लिव्हर, प्रोपेलर संगणक सांभाळतो. माझ्या मागून शिकलेल्या बऱ्याच मुलांनी निळा लिव्हर हातात घेतलेलाच नाही. विमान सोपं झालं, चांगलंच आहे. पण जुन्या विमानावर जायची वेळ आली की त्यांना हे शून्यापासून शिकावं लागतं.

घाटवाट

थोडं विषयांतर करतो. दोन लिव्हरच्या गप्पा चालू आहेत पण पायांचं कुणी बोललं नाही. थ्रॉटल एकदम ढकलला की विमान एका बाजूला ओढ घेतं. मर्लिनचा प्रोपेलर कॉकपिटमधून बघता उजवीकडे फिरतो, नाक डावीकडे जातं. नंतरच्या स्पिटफायरमधल्या ग्रिफन इंजिनाचा उलटा, नाक उजवीकडे. मर्लिनवरून ग्रिफनच्या स्पिटफायरवर गेलेल्या वैमानिकांचे पाय सवयीने चुकीच्या पेडलवर जायचे. गेममध्ये उड्डाणाची मदत चालू ठेवली तर यातलं काहीच कळत नाही. ती मदत बंद करा, आणि थ्रॉटल हळूहळू, सलग पुढे न्या.

शलाका_म

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण बिअट्रिस शिलिंगचा उल्लेख झाल्याशिवाय मर्लिनची चर्चा पूर्ण होणार नाही. स्पिटफायरचं नाक झटकन खाली ढकललं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल विस्कटायचं आणि इंजिन अडखळायचं. जर्मन इंजिनात पेट्रोल थेट फवारलं जायचं, त्यांना हा त्रास नव्हता, म्हणून ते सरळ खाली सूर मारून निसटायचे. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक साधी भोकाची चकती काढली आणि १९४१ च्या सुरुवातीला स्वतः तळांवर फिरून ती बसवून घेतली. त्या मोटारसायकलच्या शर्यतीतही उतरायच्या. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या माझ्या भाचीला मी ही गोष्ट आवर्जून सांगितली.

गोदाकाठ

शलाकाताई, हे फार मोलाचं आहे. आणि जुन्या स्पिटफायरचा हा अडखळणारा कार्ब्युरेटर काही गेममध्येही आहे. नाक खाली ढकललं की खोकतं इंजिन.

ओझरचे_आबा

विषय प्रोपेलरचा आहे तर आपल्या गावचं एक सांगतो. ओझरला आयुष्यभर जेट बघितली. मिग-२१, मिग-२७, सुखोई. आता तिथे प्रोपेलरचं विमानही तयार व्हायला लागलंय. हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांसाठीचं एचटीटी-४०. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीबरोबर त्याचीही दुसरी साखळी ओझरला सुरू झाली. त्याच्या आदल्याच महिन्यात मिग-२१ चंदीगडला निवृत्त झालं होतं. ज्या विमानावर पोट भरलं ते गेलं आणि नवं आलं, म्हणून मला ते दोन महिने विसरता येत नाहीत.

एचटीटी-४० मध्ये टीपीई-३३१ टर्बोप्रॉप इंजिन आहे. त्यात टर्बाइन आणि प्रोपेलर गिअरबॉक्समधून थेट जोडलेले. इंजिन जवळपास एकाच आरपीएमवर फिरत राहतं, ताकद मागितली की इंधन वाढतं आणि पात्यांचा कोन वाढतो. म्हणून आवाजाचा सूर फारसा बदलत नाही. हवाई दलाच्या पिलाटस पीसी-७ मध्ये पीटी-६ आहे, त्यात प्रोपेलर फिरवणारी टर्बाइन वेगळी, बाकी इंजिनाला फक्त गरम वायूने जोडलेली. पिस्टनवाल्यांची ती मिश्रणाची कटकट दोन्हीत नाही.

नवा_कॅडेट

आबा, मला एनडीएची परीक्षा द्यायची आहे. पास झालो तर कदाचित त्याच विमानावर शिकेन.

ओझरचे_आबा

दे बाळा. गणित पक्कं कर. आणि गेममध्ये मदत बंद करून उडव, घाटवाट सांगतायत ते खरं आहे.

सातपूरचा_फिटर

उशिरा आलो. वरचं सगळं वाचलं. मूळ प्रश्न खाचांचा होता, त्यावर कामाचं बोलतो, मी पाच लिव्हरचा डबा केलाय.

तीन खाचा पाडा. डावीकडून थ्रॉटल, प्रोपेलर, मिक्श्चर. ताईंनी सांगितलेले रंग ठेवा: काळा, निळा, लाल. मुठी लाकडाच्या खरादून घ्या, निळीच्या कडेला खाचे पाडा म्हणजे बोटाला ओळखू येते.

लिव्हरची जागा मोजायला साधा पोटेन्शिओमीटर (आतला काटा घासत फिरतो तो) घेऊ नका, काही महिन्यांत खरखर सुरू होते आणि गेममध्ये आरपीएम नाचायला लागतो. हॉल सेन्सर (न घासता चुंबकाची हालचाल ओळखणारा) आणि लिव्हरच्या मुळाशी छोटं चुंबक लावा. झिजणारं काही उरत नाही. बोर्ड अर्डुइनो प्रो मायक्रो, संगणकाला तो सरळ जॉयस्टिक म्हणून दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर्षण. लिव्हर सैल असेल तर हात काढल्यावर घसरतो, घट्ट असेल तर बारीक बदल जमत नाही. खऱ्या विमानात त्यासाठी बाजूला पिळायचा नट असतो. आसावर दोन्ही बाजूंनी फायबरचे वॉशर आणि बाहेरून पंखवाला नट लावा, हवं तेवढं आवळता येतं.

उंच_भरारी

घर्षणाच्या नटाला माझे शंभर गुण. उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल थरथरीने मागे सरकू नये म्हणून आम्हीही तो आधी आवळून घेतो.

गोदाकाठ

फिटरदादा, मनापासून आभार. तीन खाचा नक्की. तेवढ्यात आबांची तारही डोक्यात घोळतेय. थ्रॉटलच्या खाचेत शेवटच्या सेंटिमीटरआधी बारीक तांब्याची तार ओवता येईल का? तोडली की दर वेळी नवी बांधायची.

सातपूरचा_फिटर

येईल की. खाचेच्या दोन्ही बाजूंना दीड मिलीमीटरची भोकं पाडा, भोकांच्या कडा कानसून घ्या, नाहीतर तार जोर न लावताच तुटेल. जुन्या वायरीतली एक काडी पुरते. गेममध्ये त्या शेवटच्या सेंटिमीटरला आपत्कालीन ताकदीचं बटण जोडा.

ओझरचे_आबा

आणि शेजारी एक वही ठेव. तार कधी तुटली, किती मिनिटं, कोणत्या विमानावर. सांगून ठेवतो, महिन्याभरात तुझं उडवणं बदलेल.

चिवडाप्रेमी

डबा झाला की फोटो टाका. आणि मॉस्किटो उडवायला घेतलंत तर? दोन इंजिनं, मग लिव्हर किती?

उंच_भरारी

मॉस्किटोला थ्रॉटल दोन आणि प्रोपेलर दोन. सध्या दोन्ही इंजिनांचे प्रोपेलर एकाच निळ्या लिव्हरला जोडले तरी काम भागेल. पण जमलं तर पुढे दोन वेगळे करा. दोन्ही प्रोपेलरचे आरपीएम अगदी थोडे जरी पुढेमागे असले तरी आवाज एका लयीत चढतो आणि उतरतो, वॉव, वॉव, वॉव. एक लिव्हर केसभर मागे घेत जायचं, लय लांबत जाते आणि एका जागी आवाज एकदम सपाट होतो. काट्यांवर तो फरक दिसतसुद्धा नाही, कानानेच जुळवावं लागतं. हेडफोन लावून करून बघा, चांगल्या सिम्युलेटरमध्येही जमतं का ते मलाही बघायचंय.